सेल्सफोर्समध्ये एसएमएसचं पॅकेज बसवताना

मागच्या महिन्यात सातपूरहून एका ओळखीच्या ताईंचा फोन आला, त्यांच्याकडे सेल्सफोर्स आहे, म्हणजे गिऱ्हाइकांची माहिती आणि ऑर्डरी सांभाळणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर, म्हणाल्या, अगं ते मेसेजचं पॅकेज इन्स्टॉल केलं, हिरवी टिक पण आली, पण आमच्या पोरांना बटणच दिसत नाहीये, पैसे पाण्यात गेले का. पैसे पाण्यात गेले नव्हते. फक्त इन्स्टॉल झालं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटलं होतं, आणि हे बऱ्याच जणांना वाटतं, कारण विकणारा माणूस डेमोत तेवढंच दाखवतो. इन्स्टॉलला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यानंतरचं सेटिंग नीट करायचं तर आठवडा धरून चाला.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायची सिस्टीम, सांभाळते. आम्ही द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरवरचे फवारणीचे ब्लोअर आणि त्यांचे पार्ट विकतो, गिऱ्हाईक दिंडोरी, निफाड, चांदवड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातलं. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीने फवारण्यांची घाई सुरू होते, तेव्हा ज्याचा ब्लोअर सर्व्हिसिंगला आलाय त्याला एकेक तास मोठा असतो. म्हणून आम्हाला मेसेज हवे होते, ब्लोअर तयार झाला की आपोआप शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस. आमच्याकडच्या सेल्सफोर्समध्ये एसएमएस पाठवायची सोय मुळात नाही, ती बाहेरच्या कंपनीचं पॅकेज बसवून आणावी लागते. त्याचीच गोष्ट सांगते, कुठल्याही दुसऱ्या पॅकेजला, म्हणजे कोटेशनची पीडीएफ बनवणारं असो की नकाशावर गिऱ्हाईक दाखवणारं, यातलं बरंचसं तसंच लागू पडतं.

आधी पॅकेज म्हणजे काय ते. जुन्या नाशकातला वाडा डोळ्यासमोर आणा. वाडा सेल्सफोर्सचा, त्यातल्या तुमच्या बाजूला म्हणतात ऑर्ग, तिथे तुमची गिऱ्हाइकं, ऑर्डरी, तक्रारी सगळं मांडलेलं. पॅकेज म्हणजे तुमच्याच बाजूला एक खोली घेऊन राहायला आलेला भाडेकरू. तो आपलं सामान घेऊन येतो, त्याचे टेबल, त्याची फील्डं, त्याची बटणं, त्याचा कोड. मॅनेज्ड पॅकेज असेल तर त्याच्या खोलीला त्याचं कुलूप असतं, आतला कोड तुम्हाला वाचता येत नाही, बदलता येत नाही, पण नवीन व्हर्जन आली की तोच येऊन सुधारणा करून जातो. अनमॅनेज्ड असेल तर सामान तुमच्या अंगणात टाकून तो निघून गेला असं समजा, सगळं उघडं, हवं ते बदला, पण पुढे अपग्रेड मिळणार नाही. कंपनीच्या रोजच्या कामाला मी मॅनेज्डच घेते. बिघडलं तर फोन करायला कोणीतरी हवं.

या भाडेकरूला एक आडनाव पण असतं, त्याला नेमस्पेस म्हणतात. द्राक्षाच्या कुठल्याही मीटिंगला जाऊन मोठ्याने बाळासाहेब म्हणा, चार जण वळून बघतील, मग आडनाव लावावं लागतं, तसंच तुमच्याकडे 'स्टेटस' नावाचं फील्ड आहे आणि पॅकेजचंही 'स्टेटस' आहे तर गोंधळ होऊ नये म्हणून पॅकेजच्या प्रत्येक वस्तूच्या नावाआधी त्याचं नेमस्पेस आणि दोन अंडरस्कोअर लागतात. रिपोर्ट बनवताना किंवा एक्सेलमधून डेटा चढवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच स्टेटसमध्ये माहिती भरली जाते आणि ते महिनाभर कळत नाही.

आता बसवायचं कुठे? सरळ चालू सिस्टीममध्ये नाही. आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे तुमच्या ऑर्गची सरावासाठी काढलेली प्रत. डेव्हलपर सँडबॉक्समध्ये फक्त रचना येते, डेटा येत नाही, जागा २०० एमबी, आणि रोज नव्याने काढता येते. पार्शल कॉपीमध्ये थोडा खरा डेटा येतो, ५ जीबीपर्यंत, एका ऑब्जेक्टचे, म्हणजे एका टेबलचे, १०,००० रेकॉर्ड, आणि ती ५ दिवसांनी रिफ्रेश करता येते. फुल कॉपीत सगळंच येतं पण पुन्हा काढायला २९ दिवस थांबावं लागतं आणि ती महागही असते. पॅकेजच्या लिंकमध्ये ०४टी ने सुरू होणारा एक नंबर असतो, तो म्हणजे त्या व्हर्जनचा आयडी. लिंक 'लॉगिन' ने सुरू होत असेल तर ती चालू सिस्टीमची, सँडबॉक्ससाठी तिथे 'टेस्ट' लिहायचं, बाकी लिंक तशीच. पहिल्यांदा करणारे इथेच अडतात, पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही म्हणून वैतागतात. सँडबॉक्समध्ये युजरनेमच्या शेवटी टिंब देऊन सँडबॉक्सचं नाव लागतं हेही कोणी सांगत नाही.

सँडबॉक्सबद्दल एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे, कारण ती आमच्याकडे घडली. आम्ही पार्शल कॉपी घेतली होती, खऱ्या डेटावर तपासू म्हणून. सेल्सफोर्स सँडबॉक्स काढताना युजरच्या ईमेलच्या शेवटी 'इनव्हॅलिड' जोडतं, शिवाय ईमेल बाहेर जाऊ नयेत म्हणून वेगळं सेटिंग असतं, नव्या सँडबॉक्समध्ये ते आधीच बंदच्या बाजूला असतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण हे सगळं ईमेलपुरतं. कॉन्टॅक्टमधले मोबाईल नंबर जसेच्या तसे खरे असतात, आणि एसएमएस सेल्सफोर्सच्या ईमेलच्या वाटेने जातच नाही, तो पॅकेजमधून थेट गेटवेकडे, म्हणजे मेसेज मोबाईल कंपनीपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीकडे, जातो. आम्ही सँडबॉक्समध्ये गेटवेची खरी 'की', म्हणजे गेटवे वापरायचा पासवर्डसारखा कोड, टाकली होती. टेस्ट म्हणून चाळीसेक सर्व्हिस रेकॉर्डचं स्टेटस 'तयार' केलं आणि चाळीस शेतकऱ्यांना मेसेज गेला की तुमचा ब्लोअर तयार आहे, घेऊन जा. छाटणी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दिंडोरीकडचे एक काका ट्रॅक्टर घेऊन गेटवर उभे. ब्लोअर उघडून पडलेला, पंपाचा डायफ्राम यायचा होता. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, ताई, आज मजूर सांगितले होते हो फवारणीला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांना आम्ही आमचा डेमोचा ब्लोअर दिला आणि बाकीच्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, सँडबॉक्स निघाली की पहिलं काम सगळ्या कॉन्टॅक्टचे मोबाईल नंबर बदलून ऑफिसचे दोन नंबर टाकायचे, आणि गेटवेची टेस्ट 'की' मिळत असेल तर तीच वापरायची. सँडबॉक्स रिफ्रेश केली की नंबर परत खरे होतात, म्हणजे हे दर वेळी करायचं.

बरं, आता इन्स्टॉलचा स्क्रीन. तीन पर्याय येतात, फक्त ॲडमिनसाठी, सगळ्या युजरसाठी, किंवा ठराविक प्रोफाइलसाठी, म्हणजे ठराविक प्रकारच्या युजरसाठी. घाईत लोक 'सगळ्यांसाठी' दाबतात, मग गोडाऊनवाल्यापासून अकाउंटपर्यंत सगळ्यांना पॅकेजचं सगळं दिसायला लागतं, कुणीही कुणालाही मेसेज टाकू शकतं. मी कायम 'फक्त ॲडमिन' घेते आणि नंतर लागेल त्याला हाताने परवानगी देते. पुढे एक खिडकी येते, त्यात हे पॅकेज बाहेरच्या कुठल्या वेबसाइटशी बोलणार त्याची यादी असते आणि खाली टिक करायला सांगतात. वाचल्याशिवाय टिक करू नका. मेसेजचं पॅकेज गेटवेशी बोलणार हे साहजिक आहे, पण यादीत संबंध नसलेलं काही दिसलं तर विकणाऱ्याला विचारा, आपल्या शेतकऱ्यांचे नंबर तिकडे जाणार असतात. पॅकेज मोठं असेल तर 'वेळ लागतोय, झालं की ईमेल करू' असा मेसेज येतो, तेव्हा स्क्रीनसमोर बसून राहायची गरज नाही. चहा घेऊन या.

आणि मग सातपूरच्या ताईंची अडचण. बँकेचं लॉकर कसं दोन चाव्यांनी उघडतं, एक बँकेची, एक आपली? तसंच आहे. पहिली चावी लायसन्सची. सेटअपमध्ये 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस' उघडा, पॅकेजसमोर किती लायसन्स घेतली, किती वापरली, कधी संपतात ते दिसतं, शेजारी 'मॅनेज लायसन्सेस' असतं, तिथे जाऊन एकेका माणसाचं नाव घालायचं. ज्या पॅकेजला पूर्ण कंपनीचं म्हणजे साइट लायसन्स असतं तिथे हे करावं लागत नाही. दुसरी चावी परमिशन सेटची, म्हणजे कोणाला काय करता येईल त्या परवानग्यांच्या गठ्ठ्याची. पॅकेज बहुतेक वेळा आपलेच दोन-तीन परमिशन सेट घेऊन येतं, एक ॲडमिनचा, एक साध्या युजरचा. ते त्या माणसाला लावायचे. एक चावी दिली आणि दुसरी राहिली की लॉकर उघडत नाही, आणि एरर असा येतो की नेमकं काय राहिलं ते कळत नाही. ताईंनी परमिशन सेट सगळ्यांना लावले होते, लायसन्स मात्र फक्त त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं.

दोन्ही चाव्या लावूनही बटण दिसेना, कारण बटण पानावर कोणी ठेवलंच नव्हतं. पॅकेज आलं म्हणून तुमच्या कॉन्टॅक्टच्या पानावर ते आपोआप जाऊन बसत नाही. ॲप बिल्डर, म्हणजे पानांची मांडणी करायचं साधन, उघडून पॅकेजचा तुकडा उचलून पानावर ठेवायचा, सेव्ह करायचं, आणि सेव्हनंतर 'ॲक्टिव्हेट' करायचं. सेव्ह करून उठणारे खूप आहेत. ॲक्टिव्हेट केल्याशिवाय नवीन पान कुणालाच दिसत नाही.

इथपर्यंतचं जगात सगळीकडे सारखं. पुढचं खास आपल्याकडचं, आणि परदेशी पॅकेज घेतलं तर त्याच्या माहितीपुस्तकात हे सापडेलच असं नाही. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कंपनीला सिस्टीममधून मेसेज पाठवायचे असतील तर टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, आधी नोंदणी लागते. तिथे तुमच्या कंपनीला एक एंटिटी आयडी मिळतो, मग हेडर, म्हणजे मेसेज कोणाकडून आला ते दाखवणारी सहा अक्षरं, मंजूर करून घ्यायची, मग मेसेजचा मजकूर टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यायचा, त्याचा पण आयडी येतो. पॅकेजच्या सेटिंगमध्ये हे तिन्ही बरोबर बसले पाहिजेत. पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडवला जातो. सेल्सफोर्समध्ये 'पाठवला' असं दिसतं, शेतकऱ्याला काही मिळत नाही. म्हणून पॅकेज घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, डिलिव्हरीचा रिपोर्ट परत सेल्सफोर्समध्ये येतो का. येत नसेल तर ते पॅकेज घेऊ नका. मेसेजमध्ये लिंक टाकणार असाल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती लिंकसुद्धा आधी नोंदवावी लागते.

टेम्प्लेटमध्ये बदलणारा भाग, नाव, गाव, तारीख, तिथे व्हेरिएबल ठेवतात आणि आम्ही नोंदवलं तेव्हा एका व्हेरिएबलला जास्तीत जास्त ३० अक्षरं होती. आम्ही दुकानदारांना पण मेसेज पाठवतो. 'कृषी सेवा केंद्र पिंपळगाव बसवंत' मोजून बघा, दुकानाचं नाव अजून लागलंच नाही आणि ३१ झाली. कशी? कारण संगणक आपली बाराखडी मोजत नाही, तो काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो. 'द्राक्ष' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत ती सात होतात, द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. आम्ही शेवटी गाव आणि नाव अशी दोन व्हेरिएबल केली.

पैशाचा हिशोबही इथेच आहे. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांपर्यंत एक धरतात, मराठी मेसेज ७० पर्यंतच. ७० च्या वर एक अक्षर गेलं की तो तुकड्यांत जातो आणि मग एका तुकड्यात ६७ च मावतात. इंग्रजी मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. 'आपला ब्लोअर तयार आहे' एवढंच वाक्य स्पेस धरून २० होतं, म्हणजे ५० उरली, त्यात नाव, जॉब नंबर आणि कंपनीचं नाव बसवायचं. कोणी म्हणेल इंग्रजीत पाठवा, स्वस्त पडतं. मी मालकांशी यावर भांडले आहे. बांधावर उभं राहून मोबाईल बघणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे, त्यासाठी दोन मेसेजचे पैसे गेले तरी चालतील. मराठीच ठेवलं. टेम्प्लेट नोंदवताना फक्त तो युनिकोड प्रकारात, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच्या प्रकारात, नोंदवला ना ते बघा.

मोबाईल नंबरचा कचरा साफ करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि टाळता न येणारं. सेल्सफोर्समध्ये फोन आणि मोबाईल अशी दोन वेगळी फील्डं असतात आणि काउंटरवरच्या पोरांनी वर्षानुवर्षं मिळेल तिथे नंबर टाकलेला असतो, कुठे पुढे शून्य, कुठे मध्ये स्पेस, कुठे ०२५३ चा लँडलाइन, कुठे एकाच फील्डमध्ये तिरकी रेघ देऊन बाप-लेकाचे दोन नंबर. पॅकेजला कुठलं फील्ड वाचायचं ते सेटिंगमध्ये सांगायचं आणि त्या फील्डमध्ये दहा आकडी नंबरच राहील असा व्हॅलिडेशन नियम लावायचा.

टाइमझोन तपासा. जाहिरातीचे मेसेज आपल्याकडे सकाळी १० ते रात्री ९ मध्येच पाठवता येतात. ऑर्गचा किंवा ज्याच्या नावाने जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप होणारं काम, चालतो त्याचा टाइमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला असेल तर सकाळी दहाचा म्हणून लावलेला मेसेज इथे रात्री साडेदहा-साडेअकराला निघतो. आणि ज्याच्या नावाने जॉब चालतो म्हटलं तर तेही सांगते, रोज ठराविक वेळी चालणारा जॉब ज्याने लावला त्याच्या नावावर असतो. तो नोकरी सोडून गेला, तुम्ही त्याचा युजर बंद केला, की जॉब बंद. हे काम माणसाच्या नावावर ठेवू नका, अशा आपोआप चालणाऱ्या कामांसाठी वेगळा युजर काढा.

परत वाड्याकडे येते. सेल्सफोर्समध्ये एका व्यवहारात डेटाबेसला जास्तीत जास्त १०० वेळा विचारता येतं. सेल्सफोर्सच्या सिक्युरिटी तपासणीतून पास झालेल्या मॅनेज्ड पॅकेजला त्याचे वेगळे १०० मिळतात, म्हणजे भाडेकरूचं लाइट मीटर वेगळं. पण पाण्याची टाकी एकच. त्या व्यवहारात प्रोसेसरचा वेळ सगळ्यांना मिळून १० सेकंद. तुमचे फ्लो आणि ट्रिगर, म्हणजे रेकॉर्ड सेव्ह झाला की आपोआप चालणारी कामं, शिवाय पॅकेजचे ट्रिगर, सगळे त्याच टाकीतून पितात. एकेक रेकॉर्ड सेव्ह करताना काही जाणवत नाही. सीझनआधी पाच हजार शेतकऱ्यांची यादी एकदम चढवायला गेलात की रेकॉर्ड २०० च्या गठ्ठ्यांनी आत जातात आणि तिथे 'टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज १०१' (म्हणजे डेटाबेसला १०० च्या वर विचारलं) किंवा सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेळेचा, एरर येऊन सगळं अडतं. चांगल्या पॅकेजच्या सेटिंगमध्ये त्याचं ऑटोमेशन तात्पुरतं बंद करायचा खटका असतो. यादी चढवताना तो बंद करा, नाहीतर एररच्या आधी पाच हजार जणांना मेसेज जायचा धोका वेगळाच.

चालू सिस्टीममध्ये आणल्यावर पहिला आठवडा आम्ही फक्त सर्व्हिस काउंटरच्या तिघांना दिलं होतं. त्यांनीच शोधून काढलं की स्टेटस 'तयार' करून कोणी चुकून परत 'चालू' केलं आणि पुन्हा 'तयार' केलं तर मेसेज दोनदा जातो. हे सँडबॉक्समध्ये आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग एक चेकबॉक्स वाढवला, मेसेज गेला की टिक, टिक असेल तर परत पाठवायचा नाही.

कधी पॅकेज काढायची वेळ आली, नाही आवडलं, महाग पडलं, तर अनइन्स्टॉल करताना विचारतं की या पॅकेजच्या डेटाची प्रत ठेवायची का. हो म्हणा. ती प्रत फक्त ४८ तास राहते, तेवढ्यात डाउनलोड करून घ्यायची. त्याआधी तुमच्या पानांवरून, फ्लोमधून, रिपोर्टमधून त्याची फील्डं आणि तुकडे काढावे लागतात, तोपर्यंत सिस्टीम अनइन्स्टॉल होऊ देत नाही, कुठे कुठे अडकलंय त्याची यादी देते, त्या यादीप्रमाणे चालायचं. आणि हे काम शुक्रवारी संध्याकाळी काढू नका, सोमवारी ऑफिसला येऊन डाउनलोड करू म्हणाल तोवर ४८ तास रविवारीच उलटून गेलेले असतात.